पशुवैद्यकीय हृदयशस्त्रक्रिया

पाळीव प्राण्यांच्या हृदयातील, परिहृदातील (हृदयाभोवतीच्या पिशवीसारख्या आवरणातील) व हृदयाला जोडलेल्या मोठ्या रक्तवाहिन्यांतील विकृती शस्त्रक्रियेने किंवा रक्तवाहिनीतून आत नेलेल्या साधनांनी दुरुस्त करण्याचे शास्त्र व तंत्र म्हणजे पशुवैद्यकीय हृदयशस्त्रक्रिया होय. कुत्रा हा या शाखेतील प्रमुख रुग्ण असून मांजर, घोडा, गाय व म्हैस यांच्या काही विकारांचाही तीत समावेश होतो. मानवी हृदयशस्त्रक्रियेतील बहुतेक महत्त्वाच्या पद्धती प्रथम कुत्र्यावर अजमाविण्यात आल्या. मात्र त्याच पद्धतींचा उपयोग आजारी कुत्र्यासाठी होण्यास बराच काळ जावा लागला. काही बाबतींत हा काळ दहा वर्षांपेक्षा कमी, तर काही बाबतींत चार दशकांहून अधिक आहे. प्रयोगप्राणी म्हणून हृदयशस्त्रक्रियेच्या उभारणीत सहभागी झालेला हा प्राणी तिचा रुग्ण कसा व का उशिरा झाला, हा या शाखेच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

प्रायोगिक पार्श्वभूमी : रक्ताभिसरणाचे ज्ञान प्रारंभापासूनच प्राण्यांच्या निरीक्षणावर आधारलेले आहे. विल्यम हार्वी यांनी १६२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातील निष्कर्ष अनेक जातींच्या प्राण्यांच्या स्पंदन पावणाऱ्या हृदयांच्या अभ्यासातून काढलेले होते. इंग्लंडमधील धर्मोपदेशक स्टीव्हन हेल्झ यांनी घोडीच्या मांडीतील रोहिणीत नळी बसवून तिला उभी काचनलिका जोडली, तेव्हा रक्त ८ फुटांपेक्षा अधिक उंच चढले. रक्तदाबाचे हे पहिले प्रत्यक्ष मापन असून त्याचे वर्णन १७३३ मध्ये प्रसिद्ध झाले.

या प्रयोगांत पशुवैद्याचा स्वतंत्र वाटा प्रथम दिसतो तो फ्रान्समध्ये. लीआँ येथील पशुवैद्यक विद्यालयातील ऑग्यूस्त शोव्हो (१८२७–१९१७) यांनी शरीरक्रियावैज्ञानिक एत्येन झ्यूल मारे यांच्या सहकार्याने १८६१–६३ या काळात घोड्याच्या गळ्यातील नीलेतून व रोहिणीतून हृदयाच्या कप्प्यांत नळ्या घातल्या आणि तेथील दाबाचे आलेख मिळविले. प्राणी जागा असताना व उभा असताना हे प्रयोग करण्यात आले. छातीवर जाणवणारा हृदयाचा ठोका निलयांच्या आकुंचनाशी समकालीन असतो, हे त्यांवरून निश्चित झाले. माणसाच्या हृदयात नळी घालण्याचा पहिला प्रयत्न यानंतर सु. सात दशकांनी झाला.

विद्युत् हृल्लेखनाच्या इतिहासातही कुत्र्याचे स्थान आहे. ऑगस्टस वॉलर यांनी १८८७ मध्ये मानवी हृदयाच्या विद्युत् प्रवाहाची पहिली नोंद घेतली. आपल्या जिमी नावाच्या बुलडॉगचे पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत ठेवून त्याच्या हृदयाच्या विद्युत् प्रवाहाचे प्रात्यक्षिक ते दाखवीत. १९०९ मध्ये रॉयल सोसायटीत झालेल्या अशा प्रात्यक्षिकानंतर प्राण्याचा छळ झाला काय, असा प्रश्न ब्रिटिश पार्लमेंटमध्ये विचारला गेला आणि कुत्रा केवळ खाऱ्या पाण्यात उभा होता, असा खुलासा सरकारला करावा लागला. प्राण्यांवरील प्रयोगांविषयी समाजात असलेल्या अस्वस्थतेचे हे द्योतक होय.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील प्रयोगशाळांत कुत्र्यांचा उपयोग वाढला. ॲलेक्सिस कॅरेल यांनी रक्तवाहिन्या एकमेकींना शिवण्याची पद्धत प्राण्यांवर परिपूर्ण केली व त्याबद्दल त्यांना १९१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. रक्तक्लथन (रक्त साखळण्याची क्रिया) रोखणारे हेपारीन हे द्रव्य १९१६ मध्ये बॉल्टिमोर येथे कुत्र्याच्या यकृताच्या अभ्यासातून हाती आले. त्याच्याविना हृदय-फुप्फुस यंत्राची कल्पनाही करता आली नसती. बॉस्टन येथील रॉबर्ट ग्रॉस यांनी कुत्र्यांवर सराव करून १९३८ मध्ये सात वर्षांच्या मुलीची जन्मानंतर उघडी राहिलेली रोहिणीवाहिनी बांधली. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील व्हिव्हियन टॉमस यांनी ‘निळ्या बालकां’वरील शस्त्रक्रिया प्रयोगशाळेत कुत्र्यांवर बसविली आणि २९ नोव्हेंबर १९४४ रोजी ॲल्फ्रेड ब्लालॉक यांनी ती प्रथम बालकावर केली. या प्रयोगांत दीर्घकाळ जगलेल्या ॲना नावाच्या कुत्रीचे चित्र त्या संस्थेत लावण्यात आले होते. टॉमस यांच्याकडे वैद्यकाची पदवी नव्हती. १९७६ मध्ये विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली.

जॉन गिबन यांनी १९३५ मध्ये मांजराचे रक्ताभिसरण काही काळ यंत्रावर चालवून दाखविले व १९५३ मध्ये त्याच तत्त्वावर माणसाचे हृदय उघडून शस्त्रक्रिया केली. टोरँटो येथील विल्फ्रेड बिगेलो यांनी शरीर थंड करून रक्ताभिसरण थांबविण्याचे प्रयोग कुत्र्यांवर केले. हृदयाच्या प्रतिरोपणाची पद्धत रिचर्ड लोअर व नॉर्मन शमवे यांनी १९६० मध्ये कुत्र्यांवर सिद्ध केली. तीवरूनच १९६७ मध्ये क्रिस्तिआन बर्नार्ड यांनी मानवी हृदयाचे प्रतिरोपण केले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील प्रफुल्लकुमार सेन यांनीही कुत्र्यांवरील दीर्घ प्रयोगांनंतर १६ फेब्रुवारी १९६८ रोजी भारतातील पहिले हृदय-प्रतिरोपण केले. रुग्ण काही तासच जगला. [→ रक्ताभिसरण तंत्र, हृद्‌रोग]

रुग्ण म्हणून प्राणी : वरील सर्व प्रयोगांतील कुत्रे निरोगी होते. कुत्र्यांना नैसर्गिक रीत्या कोणते हृदयविकार होतात आणि ते किती प्रमाणात आढळतात, याची पद्धतशीर माहिती विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत उपलब्ध नव्हती. निदान करता येत नसेल, तर शस्त्रक्रियेचा विचार संभवत नाही. ही उणीव भरून काढण्याचे कार्य पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुवैद्यक विद्यालयातील डेव्हिड डेटवाइलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. पशुवैद्यकीय हृदयविज्ञानाचे जनक म्हणून डेटवाइलर यांचा निर्देश केला जातो. त्यांनी डॉनल्ड पॅटर्सन यांच्यासह फिलाडेल्फिया येथील सु. ५,००० कुत्र्यांची पाहणी केली व तिचे निष्कर्ष १९६५ मध्ये प्रसिद्ध केले. तपासलेल्या कुत्र्यांपैकी दहा टक्क्यांच्या आसपास कुत्र्यांत कोणता ना कोणता हृदयविकार आढळला. वृद्ध कुत्र्यांमध्ये द्विदल झडपेचा ऱ्हास हा त्यांतील सर्वांत मोठा गट होता.

पॅटर्सन यांनी पुढे जन्मजात विकृतींच्या आनुवंशिकतेचा अभ्यास केला. पूडल जातीत उघडी रोहिणीवाहिनी, बीगल जातीत फुप्फुस रोहिणीच्या झडपेचा संकोच, न्यूफाउंडलंड जातीत महारोहिणीच्या मुखाखालील संकोच आणि केशोंड जातीत निलयांच्या निर्गम मार्गाच्या विकृती वंशागत असतात, असे त्यांनी प्रजनन-प्रयोगांनी दाखविले (१९६८ व नंतर). कोणत्या कुत्र्याची छाती तपासताना काय अपेक्षित ठेवावे हे यामुळे पशुवैद्यास कळू लागले. त्याचप्रमाणे बाधित कुत्र्यांपासून पैदास न करण्याचा सल्ला शास्त्रीय आधाराने देता येऊ लागला.

रोहिणीवाहिनीचे बंधन : गर्भावस्थेत फुप्फुस रोहिणी व महारोहिणी यांना जोडणारी ही वाहिनी जन्मानंतर थोड्याच काळात बंद होते. ती उघडी राहिल्यास महारोहिणीतील रक्त सतत फुप्फुसांकडे वळते, डाव्या निलयावर अतिरिक्त भार पडतो आणि हृदय निकामी होऊ लागते. छातीच्या डाव्या बाजूस, काखेच्या जवळ, जात्याच्या घरघरीसारखा अखंड मर्मर ध्वनी ऐकू येतो. हा विकार मादीत अधिक आढळतो.

हृदय न उघडता व यंत्रावाचून ही विकृती पूर्णपणे बरी करता येते, म्हणून पशुवैद्यकीय हृदयशस्त्रक्रियेचा आरंभ तिच्यापासून होणे स्वाभाविक होते. डाव्या बाजूच्या चौथ्या व पाचव्या फासळ्यांमधून छाती उघडून वाहिनी मोकळी करतात व तिच्याभोवती दोन रेशमी बंध आवळतात. वाहिनीची मागील भिंत डोळ्यांना दिसत नाही. ती फाटल्यास काही क्षणांत प्राणघातक रक्तस्राव होतो. मिशिगन राज्य विद्यापीठातील जॉर्ज आयस्टर व सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये लागोपाठच्या शंभर रुग्णांचे विवरण प्रसिद्ध केले. शस्त्रक्रिया न झालेल्या कुत्र्यांपैकी सु. दोन-तृतीयांश कुत्रे निदानानंतर एका वर्षाच्या आत मरण पावतात, असे त्यावरून दिसून आले. त्यामुळे लक्षणे दिसण्याची वाट न पाहता, मर्मर ऐकू येताच शस्त्रक्रिया करावी, हा नियम रूढ झाला.

पुढे मांडीतील रक्तवाहिनीतून धातूची वेटोळी व नंतर विशिष्ट आकाराच्या जाळीदार गुंडाळ्या नेऊन छाती न उघडता वाहिनी बुजविणे शक्य झाले. मानवासाठी तयार केलेली साधने कुत्र्याच्या वाहिनीत नीट बसत नसत, कारण तिचा आकार गळणीसारखा, फुप्फुस रोहिणीच्या बाजूस एकदम अरुंद होणारा असतो. या आकारास अनुरूप असे, खास कुत्र्यासाठी बनविलेले साधन २००७ मध्ये वर्णिले गेले. हृदयविकारावरील साधन प्रथमपासूनच कुत्रा हा रुग्ण मानून घडविल्याचे हे लक्षणीय उदाहरण होय.

बुकॅनन यांचे कार्य : या शाखेच्या घडणीत जेम्स बुकॅनन यांची कारकीर्द प्रातिनिधिक मानता येईल. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डेटवाइलर यांच्या परंपरेत काम करणारे बुकॅनन शल्यविशारद, क्ष-किरण चित्रांचे अभ्यासक व विकृतिवैज्ञानिक अशा तिन्ही नात्यांनी प्रसिद्ध आहेत. पूर्ण हृद्‌रोध झालेल्या, म्हणजे अलिंदांची स्पंदने निलयांपर्यंत न पोहोचणाऱ्या कुत्र्याला त्यांनी १९६७ मध्ये कृत्रिम गतिप्रेरक बसविला. माणसाच्या शरीरात संपूर्णपणे आत बसविलेला पहिला गतिप्रेरक १९५८ चा असल्याने येथे अंतर केवळ नऊ वर्षांचे राहिले. अशी उपकरणे महाग असल्याने मुदत उलटलेले अथवा मृत व्यक्तींच्या शरीरांतून काढलेले गतिप्रेरक निर्जंतुक करून कुत्र्यांना बसविण्याची प्रथा पुढे अनेक देशांत पडली.

फुप्फुस रोहिणीच्या झडपेचा संकोच असलेल्या बुलडॉग जातीच्या काही कुत्र्यांत डाव्या परिहृद्‌ रोहिणीचा उगम उजव्या बाजूस असून ती संकुचित भागालाच वेढा घालून जाते, हे त्यांनी १९९० मध्ये दाखवून दिले. १९८० नंतरच्या दशकात हा संकोच रुंदविण्यासाठी फुगा फुगविण्याची पद्धत कुत्र्यांत वापरली जाऊ लागली होती. वरील रचना असलेल्या कुत्र्यात ही रोहिणी फुग्याच्या दाबाने फाटून मृत्यू ओढवू शकतो. उपचारापूर्वी परिहृद्‌ रोहिण्यांचे चित्रण करून घेण्याची दक्षता या शोधामुळे रूढ झाली. १९९५ मध्ये त्यांनी हृदयाचा आकार मोजण्याची एक साधी रीत सुचविली. क्ष-किरण चित्रावर हृदयाची लांबी व रुंदी मोजून ती त्याच कुत्र्याच्या कण्याच्या मणक्यांच्या लांबीत व्यक्त करावयाची. बहुतेक निरोगी कुत्र्यांत ही बेरीज ८·५ ते १०·५ मणके भरते. कुत्र्यांच्या जातींत आकारमानाची प्रचंड तफावत असल्याने सेंमी. मधील कोणतेही प्रमाण सर्वांना लागू पडत नसे. प्रत्येक प्राण्याचा कणा हीच त्याची मोजपट्टी ठरविल्याने ही अडचण सुटली. लहान गावातील पशुवैद्यासही ही पद्धत वापरता येते.

खुल्या हृदयावरील शस्त्रक्रिया : हृदय उघडून आतील दोष दुरुस्त करावयाचा, तर रक्तप्रवाह थांबवावा लागतो. महानीला आवळून हृदयाकडे येणारे रक्त रोखल्यास शरीराच्या सामान्य तापमानास जेमतेम चार मिनिटे मिळतात. संकुचित मार्गावर ठिगळ लावण्यास हा अवधी कसाबसा पुरतो. झडपेच्या दुरुस्तीस हृदय-फुप्फुस यंत्र अपरिहार्य ठरते.

यंत्राचे प्रयोग कुत्र्यांवर झालेले असूनही आजारी कुत्र्यांसाठी ते वापरण्यास चाळीस वर्षांहून अधिक काळ का लागला, याचे प्रमुख कारण आकारमान हे होय. प्रयोगशाळांतील कुत्रे बहुधा २० ते ३० किग्रॅ. वजनाचे असत. द्विदल झडपेच्या ऱ्हासाचे रुग्ण मात्र बहुतांशी लहान जातींचे, कित्येकदा ४–५ किग्रॅ. वजनाचे व वृद्ध असतात. ४ किग्रॅ. वजनाच्या कुत्र्याच्या शरीरात एकूण रक्त सु. ३५० मिलि. असते, तर प्रौढ माणसासाठी असलेल्या यंत्राच्या नळ्या भरण्यासच एक लिटर वा त्याहून अधिक द्रव लागतो. परिणामी रक्त अतिशय विरल होते. ते टाळण्यासाठी दात्या कुत्र्याचे अनुरूप रक्त मिळवावे लागते. शल्यविशारद, शुद्धिहरणतज्ञ, यंत्रचालक व शस्त्रक्रियेनंतर अहोरात्र निगराणी ठेवणारे सहायक असे मोठे पथक लागते आणि हा सर्व खर्च प्राण्याच्या मालकावर पडतो. मानवी रुग्णालयास मिळणारा सार्वजनिक निधी येथे नसतो.

कोलोरॅडो राज्य विद्यापीठातील क्रिस्टोफर ऑर्टन यांनी या अडचणींचा दीर्घकाळ पाठपुरावा केला. त्यांच्या गटाने यंत्राच्या साहाय्याने कुत्र्यांच्या द्विदल झडपेची दुरुस्ती (२००४) व बदली (२००५) यांचे अनुभव प्रसिद्ध केले. कृत्रिम झडपेवर रक्ताच्या गुठळ्या जमण्याचा धोका कुत्र्यात मोठा आढळल्याने मूळ झडप राखून तिची दुरुस्ती करण्याकडे कल वाढला. शस्त्रक्रियेबरोबरच झडपेचा ऱ्हास मुळात का होतो, ऊतकातील कोणते रासायनिक संदेश त्यास कारणीभूत असतात, यावरही ऑर्टन यांनी संशोधन केले.

निर्णायक प्रगती जपानमध्ये झाली. तेथे लहान जातींचे कुत्रे पाळण्याची प्रथा मोठी असल्याने हा विकार नित्य आढळतो. निहोन विद्यापीठातील मासामी उएची यांनी लहान देहास साजेल अशी बारीक नळ्यांची व अल्प द्रवाची यंत्ररचना वापरून २००६ ते २००९ या काळात ४८ कुत्र्यांच्या द्विदल झडपांची दुरुस्ती केली. त्यांपैकी ४५ कुत्रे बरे होऊन घरी गेले. हे विवरण २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. या शस्त्रक्रियेत गळ्यातील रोहिणी व नीला यंत्रास जोडून शरीर थंड करतात, हृदय थांबवितात, तुटलेल्या किंवा ताणलेल्या कंडरारज्जूंच्या जागी कृत्रिम धाग्यांच्या दोऱ्या बसवितात आणि झडपेचे सैल झालेले कडे टाके घालून आवळतात. उएची यांनी पुढे योकोहामा येथे या कामासाठी स्वतंत्र केंद्र उभारले. लंडनचे रॉयल व्हेटरिनरी कॉलेज, तसेच फ्रान्स व अमेरिका येथील काही केंद्रांतही ही शस्त्रक्रिया करण्यात आली आहे. जगातील केंद्रांची संख्या अद्याप अल्प आहे.

२०२० नंतर धडधडत्या हृदयात, डाव्या निलयाच्या टोकातून चिमटा नेऊन झडपेची दोन्ही दले मध्यभागी जोडण्याची पद्धतही कुत्र्यांत वापरात आली. तिला यंत्राची गरज नसते. मात्र तीमुळे गळती कमी होते, पूर्ण थांबतेच असे नाही. ज्या रुग्णांवर शस्त्रक्रिया शक्य नसते त्यांना औषधांचा आधार असतो. पिमोबेंडन हे औषध लक्षणे दिसण्यापूर्वी, पण हृदय मोठे झाल्यावर सुरू केल्यास हृदय निकामी होण्याचा काळ सु. १५ महिने लांबतो, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्यापक चाचणीत आढळले.

इतर प्राणी : मांजरात शस्त्रक्रियेपेक्षा संशोधनाने अधिक प्राण वाचविले आहेत. टॉरीन या द्रव्याच्या न्यूनतेमुळे मांजराच्या हृदयाचे स्नायू क्षीण होतात व ते द्रव्य पुरविल्यास पूर्ववत होऊ शकतात, हे कॅलिफोर्निया विद्यापीठातील पॉल पायन व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखविले. तयार खाद्यात टॉरीनचे प्रमाण वाढविल्यावर हा विकार दुर्मिळ झाला. हृदयात व फुप्फुस रोहिणीत राहणाऱ्या हृद्‌कृमींचा उपद्रव जेथे मोठा आहे तेथे गळ्यातील नीलेतून लवचिक चिमटा घालून कृमी काढतात. ही पद्धत जपानमध्ये विकसित झाली.

भारतातील गुराढोरांत आढळणारा महत्त्वाचा प्रकार म्हणजे अभिघातज परिहृद्‌शोथ (इजेमुळे हृदयाच्या आवरणाला येणारी सूज) हा होय. चाऱ्याबरोबर गिळलेली तार किंवा खिळा जालिकेत (पोटाच्या दुसऱ्या कप्प्यात) साठतो. जालिका व हृदय यांमध्ये केवळ मध्यपटल व थोडे अंतर असल्याने टोकदार वस्तू आरपार जाऊन परिहृदात पू होतो; गळ्यातील नीला फुगतात, पोळीवर सूज येते. या अवस्थेतील शस्त्रक्रिया बहुधा निष्फळ ठरते. म्हणून वस्तू हृदयापर्यंत पोहोचण्यापूर्वीच रोमंथिका उघडून ती काढणे, जालिकेत चुंबक ठेवणे आणि गोठ्यात व वैरणीत तारा पडू न देणे हेच इष्ट ठरते.

भारतातील स्थिती : मुंबईतील परळ येथील पशुवैद्यक महाविद्यालयाची स्थापना १८८६ मध्ये झाली व त्याच परिसरातील बाई साकरबाई दिनशा पेटिट पशु-रुग्णालयात विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष शिक्षण मिळू लागले. हे महाविद्यालय आता नागपूर येथे मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे. ज्या परळमध्ये सेन यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून भारतीय हृदय-प्रतिरोपणाची तयारी केली, तेथेच पशुवैद्यकाच्या शिक्षणाचे हे जुने केंद्र आहे. २०२४ मध्ये दिल्ली येथे एका कुत्रीच्या द्विदल झडपेवर चिमट्याच्या पद्धतीने उपचार करण्यात आले. हृदय-फुप्फुस यंत्रावरील शस्त्रक्रियेसाठी लागणारी रक्तपेढी, प्रशिक्षित पथक व अखंड शुश्रूषा या सोयी प्राण्यांसाठी उभारणे हे पुढील काम आहे.

प्राण्यांवरील प्रयोगांस भारतात १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमान्वये निर्बंध आहेत. अमेरिकेत प्रयोगशाळांतील प्राण्यांविषयीचा कायदा १९६६ मध्ये झाला. कुत्र्यांच्या नैसर्गिक विकारांचा, मालकाच्या संमतीने व त्या प्राण्याच्या हिताकरिता केलेला अभ्यास हा आता संशोधनाचा स्वतंत्र मार्ग झाला आहे. माणसाच्या व कुत्र्याच्या द्विदल झडपेच्या ऱ्हासात बरेच साम्य असल्याने अशा अभ्यासाचा लाभ दोघांनाही होतो. निरोगी प्राण्यात विकृती निर्माण करून मिळविलेल्या ज्ञानापेक्षा हे ज्ञान सावकाश हाती येते. परंतु ते मिळविताना कुत्रा रुग्णच राहतो.